म्युझियमची नोकरी आणि बिदर-कलबुर्गीची मुलं

बिदरीची जुनी सुरई कुणी चांदीच्या पॉलिशनं घासली, तर काही मिनिटांत कारागिराचं अर्धं काम पुसलं जातं. चांदी लखलखते, पण तिच्याभोवतीचा काळा रंग निघून जातो आणि खालचा करडा धातू उघडा पडतो. तो काळा रंग मळाचा नसतो. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेल्या भांड्यावर बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचं द्रावण चोळून तो मुद्दाम आणलेला असतो. चांदीवर त्या द्रावणाचा परिणाम होत नाही, म्हणून काळ्यावर पांढरी वेल उठून दिसते. बिदरच्या कारागिराला हे लहानपणापासून ठाऊक असतं. लंडनच्या प्रयोगशाळेलाही ते ठाऊक आहे: सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन या दोघांनी बिदरी वस्तूंची तांत्रिक तपासणी करून १९८७ साली ‘स्टडीज इन कॉन्झर्वेशन’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. कारागीर आणि ती प्रयोगशाळा यांच्या मध्ये मात्र आपला जिल्हा आहे, जिल्ह्यातली लहान म्युझियम आहेत, मठ-दर्गे-वाडे आहेत, घरोघरच्या पेट्या आहेत. तिथे हे जाणणारा, शिकलेला, पगारावर असलेला माणूस हवा. तो कुठून येणार?

ठाणाकुशनूर, कमलनगर, औराद, भालकी या पट्ट्यातल्या मराठी घरांत बारावीनंतर काय, या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत: डी.एड., नर्सिंग, पोलीस भरती, जमलं तर इंजिनिअरिंग. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या मुलाला औषध कंपनी किंवा शिक्षकी एवढंच सांगितलं जातं. इतिहासात एम.ए. केलेल्या मुलीला नेटची परीक्षा. म्युझियममध्ये नोकरी असते, तिचं स्वतंत्र शिक्षण असतं आणि त्या शिक्षणाला आपल्या भागात अर्थ आहे, हे कुणी सांगत नाही. या लेखात त्या वाटेचा आढावा घेतला आहे. कुठे काय शिकता येतं, जागा कुठे निघतात, अडचणी कोणत्या आणि सीमेवरच्या मुलांजवळ या कामासाठी कोणतं भांडवल आधीच आहे, हे त्यात पाहू.

आधी कामाची ओळख. म्युझियममध्ये दोन मुख्य कामं असतात. क्युरेटर, म्हणजे सरकारी भाषेत अभिरक्षक, वस्तू मिळवतो, नोंदवतो, तिचा अभ्यास करतो, ती कशी मांडायची आणि तिच्याखाली काय लिहायचं ते ठरवतो. कॉन्झर्वेटर त्या वस्तूचं आयुष्य वाढवतो. गंज थांबवतो, उखडलेला रंग पुन्हा बसवतो, कागदाची वाळवी आणि कापडाची कसर आवरतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग मात्र दुरुस्तीत जात नाही. खोलीतली आर्द्रता मोजणं, उजेड मोजणं, कपाटं तपासणं यात तो जातो. जुना कागद, कापड, जलरंगाचं चित्र यांच्यावर साधारण ५० लक्सहून जास्त उजेड पडू देऊ नये, असा जगभरचा दंडक आहे. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटखालचं टेबल त्याहून कितीतरी जास्त उजळ असतं. या दोघांशिवाय नोंदवह्या आणि उसनवारीचे करार सांभाळणारे रजिस्ट्रार असतात, मांडणीचे डिझायनर असतात, शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करणारे शिक्षण-अधिकारी असतात. मोठ्या संस्थांत हे सगळे वेगवेगळे असतात. जिल्ह्याच्या म्युझियममध्ये बहुधा हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं.

क्युरेटरचं काम किती नाजूक असतं हे २०२४ साली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर आली आणि जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांसमोर मांडली गेली. त्या निमित्तानं ती नखं महाराजांनीच वापरलेली आहेत का, यावर वाद झाला. वस्तूबरोबरच्या पेटीवरचा लेख ती साताऱ्याच्या रेसिडेंट जेम्स ग्रँट डफकडे कशी आली ते सांगतो. पण अफझलखानाच्या वेळची नखं हीच, याचा पडताळा करता येत नाही, असं त्या म्युझियमनं स्वतःच नोंदवलेलं आहे. वस्तूबद्दल लोकांच्या मनात अपार श्रद्धा असताना, पुरावा जिथवर जातो तिथवरच लिहायचं आणि श्रद्धेचाही अपमान होऊ द्यायचा नाही, हे क्युरेटरचं काम. माझ्या मते या व्यवसायातली सगळ्यात मोठी कसोटी हीच आहे. तिला अभ्यास लागतो तितकाच स्वभावाचा समतोलही लागतो.

कॉन्झर्वेटरच्या कसोटीसाठी अजिंठ्याकडे जावं लागतं, आणि ती गोष्ट आपल्याही घरची आहे. बिदर आणि अजिंठा दोन्ही निजामाच्या राज्यात होते. १९१४ साली हैदराबाद संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले प्रमुख झाले. याच याझदानींनी बिदरवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९४७ साली निघाला, आणि आजही बिदरच्या वास्तूंवर बोलताना तो बाजूला ठेवता येत नाही. अजिंठ्याची चित्रं झडताहेत म्हणून निजाम सरकारनं १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी यांना बोलावलं. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा धरवला, पडण्याच्या बेतात आलेले तुकडे वाचवले. हे मोठंच काम होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा थर दिला. त्या काळी तो योग्य उपाय मानला जात होता. वर्षं गेली तशी लाख पिवळी पडली, काळवंडली, धूळ आणि वटवाघळांची घाण तिला चिकटून बसली. चित्र खाली आणि वर तपकिरी पडदा, अशी अवस्था झाली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांनी तो थर थोडा थोडा उतरवण्यात कित्येक दशकं घालवली. या शतकाच्या उंबरठ्यावर औरंगाबादच्या विज्ञान शाखेतून राजदेव सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम बरंच पुढे नेलं.

अजिंठ्याच्या या अनुभवासारख्याच अनेक अनुभवांतून या व्यवसायाचा पहिला नियम घट्ट झाला: आज जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. म्हणून फाटलेल्या पोथीला फेव्हिकॉल किंवा सेलोटेप लावत नाहीत. पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात, कारण ती खळ पन्नास वर्षांनीही ओलाव्यानं सुटते. म्हणून मूर्तीचं तुटलेलं नाक कल्पनेनं बसवत नाहीत. आणि म्हणूनच प्रत्येक उपचाराआधी फोटो, उपचारानंतर फोटो, वापरलेल्या रसायनाची नोंद हे सगळं कागदावर ठेवतात, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला अंधारात चाचपडावं लागत नाही. आपल्याकडे देवळांवर ऑइलपेंट चढवण्याची, दगडावर सँडब्लास्टिंग करण्याची जी घाई चालते, ती हा नियम न शिकलेल्या हातांची आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९१७ साली पहिला पुरातत्त्व-रसायनतज्ज्ञ नेमला. ते मोहम्मद सनाउल्ला. पुढे देहरादूनला विज्ञान शाखेचं मुख्य ठाणं झालं. म्हणजे रसायनशास्त्राच्या पदवीधराला या क्षेत्रात शंभर वर्षांहून अधिक काळ जागा आहे. उदगीर किंवा बिदरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करणाऱ्या मुलाला हे माहीत नसणं हा शिक्षणव्यवस्थेचा दोष आहे, त्या मुलाचा नाही.

जगात या व्यवसायाला आधुनिक रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. म्युझियमची आंतरराष्ट्रीय परिषद आयकॉम १९४६ साली स्थापन झाली, तिच्या पाठोपाठ रोममध्ये जतनाचं प्रशिक्षण देणारी इक्रॉम ही आंतरसरकारी संस्था उभी राहिली. नोव्हेंबर १९६६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर ग्रंथालयांत आणि चर्चमध्ये शिरला. देशोदेशींचे तरुण चिखलातून पुस्तकं उपसायला धावले आणि ओल्या कागदाचं शास्त्र त्या वर्षी खऱ्या अर्थानं पुढे गेलं. उलट बाजूचे धडेही आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळालं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक एका रात्रीत गेल्या. आग, पाणी, कीड आणि निष्काळजीपणा यांच्याविरुद्धची तयारी हा आता या अभ्यासक्रमांचा मोठा भाग आहे.

आता शिक्षण. म्युझियमशास्त्र विद्यापीठात शिकवण्याची भारतातली सुरुवात बडोद्याला झाली, आणि तिच्यामागे मराठी माणसं होती. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोदा म्युझियमची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. त्याच शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली म्युझिऑलॉजी विभाग सुरू झाला. बडोदा म्युझियमचे संचालक वि. ल. देवकर यांचा त्या विभागाच्या उभारणीत मोठा वाटा आहे. पुढे वसंत बेडेकरांसारख्या प्राध्यापकांनी भारतीय समाजाला साजेसं म्युझियम कसं असावं, युरोपची नक्कल का पुरत नाही, यावर मूलभूत लिहिलं. बडोद्याचा तो विभाग आजही चालू आहे, आणि ज्याला सर्वांगीण शिक्षण हवं त्यानं त्याचा विचार सगळ्यात आधी करावा असं मला वाटतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडून १९८९ साली अभिमत विद्यापीठ निघालं. ते आता नोएडात आहे, आणि तिथे कलेतिहास, म्युझिऑलॉजी आणि जतन असे तीन वेगळे पदव्युत्तर मार्ग आहेत. जतनाकडे जाणाऱ्याला विज्ञानाची पार्श्वभूमी असेल तर काम सोपं जातं. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा जतन संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे आणि तिची शाखा मैसूरला आहे. कर्नाटकातल्या मुलांसाठी ही जवळची गोष्ट. बेंगळुरूत चित्रकला परिषदेच्या आवारात इंटॅकचं कलाजतन केंद्र आहे. इंटॅक ही १९८४ साली स्थापन झालेली वारसा-संस्था, आणि तिच्या केंद्रांत हाताखाली काम करत शिकण्याची संधी मिळते.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते लोकांसाठी १० जानेवारी १९२२ रोजी उघडलं. सदाशिव गोरक्षकर तिथे दीर्घकाळ संचालक होते. आपल्याकडच्या म्युझियमला अभ्यासाची आणि लोकशिक्षणाची शिस्त लावणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे येतं. तिथलं कलाजतन केंद्र २००८ पासून आहे आणि म्युझिऑलॉजी व कलाजतनाचा पदव्युत्तर डिप्लोमाही तिथे चालतो. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय कलेतिहास आणि क्युरेशनचा डिप्लोमा देतं. १८७२ साली उघडलेली ही इमारत जीर्ण झाली होती. तिची जी दुरुस्ती झाली तिला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकमधला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. जतन काय असतं ते पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहायचं असेल तर त्या इमारतीत एक दिवस काढावा. पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येतं. सर्वेक्षणाची स्वतःची पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था ग्रेटर नोएडात आहे, तिच्या पदव्युत्तर डिप्लोम्याला निवडलेल्यांना विद्यावेतन मिळतं. पैशांची ओढाताण असलेल्या घरासाठी हा मुद्दा मोठा आहे.

नोकऱ्यांबद्दल स्वच्छ बोललं पाहिजे. जागा थोड्या आहेत आणि त्या भरायला उशीर होतो. केंद्राच्या जागा लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोगातून निघतात. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अभिरक्षकाच्या जागा राज्य आयोगातून भरतात. कर्नाटकच्या पुरातत्त्व, संग्रहालये आणि वारसा खात्याचं मुख्यालय मैसूरला आहे. जाहिरात एकदा हुकली की पुढची कधी येईल ते सांगता येत नाही. देशाला या माणसांची गरज नाही, असं यावरून कुणी समजू नये. २०१३ साली महालेखापरीक्षकांनी संरक्षित स्मारकांची पाहणी केली तेव्हा तपासलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. जिथे आख्खी स्मारकं नोंदीतून निसटतात, तिथे हातात मावणाऱ्या वस्तूंचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. गरज आहे, पण पदं मंजूर करून ती भरण्याची निकड सरकारांना वाटत नाही. हे चित्र बदलायचं तर लोकांनी ती मागणी करावी लागेल.

सरकारबाहेर वाटा वाढताहेत. बेंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी २०२३ साली स्वतःच्या इमारतीत उघडलं, दिल्लीत खासगी कलासंग्रह मोठे होताहेत, आणि राष्ट्रीय संग्रहालय नॉर्थ व साउथ ब्लॉकमध्ये नेण्याची योजना पुढे सरकली तर लाखभर वस्तूंच्या बांधणीला, वाहतुकीला आणि मांडणीला शेकडो शिकलेले हात लागतील. स्वतंत्र स्टुडिओ काढून मंदिर-न्यास, बँका, जुनी घराणी यांची कामं घेणारे कॉन्झर्वेटरही आहेत. पण या बाजूला काम प्रकल्पापुरतं मिळतं, सुरुवातीची वर्षं कमी पैशांत जातात, आणि हाताला खात्री यायला एखाद्या जाणत्याच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढावीच लागतात. कामाला धोकाही आहे. सॉल्व्हंटच्या वाफा असतात, जुन्या संग्रहांवर पूर्वी मारलेली डीडीटीसारखी औषधं असतात, म्हणून मास्क आणि हातमोजे रोजचेच. घरच्यांनी हे सगळं आधी समजून घ्यावं.

विज्ञानाच्या मुलांसाठी आणखी एक दार अगदी जवळ आहे. कलबुर्गीचं जिल्हा विज्ञान केंद्र १९८४ पासून चालू आहे. ते राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या जाळ्यातलं आहे, आणि त्या परिषदेत क्युरेटरच्या जागा विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी निघतात. शाळेच्या सहलीत तिथे गेलेल्या हजारो मुलांपैकी किती जणांना कळलं असेल की तिथली विज्ञानाची खेळणी बनवणारं एक पद असतं?

सीमाभागाचे म्हणून काही हक्क आहेत, ते नीट माहीत असले पाहिजेत. घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ३७१-जे नुसार कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे बिदर-कलबुर्गीसह जुन्या हैदराबाद-कर्नाटकातल्या स्थानिक उमेदवारांना शिक्षणात आणि राज्याच्या नोकऱ्यांत राखीव जागा आहेत. त्यासाठी पात्रतेचा दाखला वेळेवर काढून ठेवावा लागतो. कर्नाटकच्या आयोगाची कन्नडची अनिवार्य परीक्षा असते. मराठी माध्यमातून शिकलेल्यानं तिची भीती न बाळगता दहावीपासून तयारी करावी. दुसरीकडे, महाराष्ट्र सरकारच्या भरती-जाहिरातींत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी भाषक उमेदवारांसाठी कलम असतं: तिथलं पंधरा वर्षांचं वास्तव्य सिद्ध केलं की अर्ज करता येतो. आपलं गाव त्या यादीत आहे का हे तहसीलमध्ये किंवा जाहिरातीसोबतच्या परिपत्रकात आधी पाहून घ्यावं. म्हणजे यादीतल्या गावातल्या मुलाला दोन राज्यांचे आयोग खुले आहेत. पुण्याच्या मुलाला ही सोय नाही.

आता भांडवलाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. जिल्हा वाटला गेला तशी त्याची स्मृतीही वाटली गेली. निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं जमवलेलं बरंच काही हैदराबादच्या सरकारी संग्रहालयात आहे, बिदरीचे उत्तम नमुने तिथे आणि सालारजंग म्युझियममध्ये आहेत. काही कागद मराठवाड्याच्या दप्तरात, काही कर्नाटकच्या. हा इतिहास पुन्हा जुळवायचा तर मराठी, कन्नड, दखनी-उर्दू तिन्ही समजणारा माणूस लागतो. ठाणाकुशनूरच्या पोराला त्या तिन्ही भाषा बाजारात आणि शाळेत फुकट मिळतात. दिल्लीतून नेमणूक होऊन आलेल्या अधिकाऱ्याला कितीही शिकून त्या अशा येत नाहीत. त्यांच्या जोडीला या पोरानं मोडी शिकून घ्यावी. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. निजामाच्या अमलात वरची दप्तरी भाषा आधी फारसी आणि मग उर्दू असली तरी गावपातळीवरच्या मराठी व्यवहारात मोडी चाले. अशा कागदांचे रुमाल अजून कित्येक पाटील-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवर पडून आहेत.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. भीमेकाठची चंद्रलांबा ही महाराष्ट्रातल्या अनेक देशस्थ घराण्यांची कुलदेवता. १९८६ साली त्या देवस्थानातल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या पीठाचा दगड उघडा पडला. त्याच्यावर अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. कुणा काळी तो शिलालेख पीठासाठी मधोमध कोरून वापरला गेला होता. जवळच कनगनहळ्ळीला नव्वदच्या दशकात सर्वेक्षणानं उत्खनन केलं, तेव्हा एका भव्य स्तूपाच्या शेकडो शिल्पशिळा हाती आल्या, आणि त्यांतल्या एकीवर राणीसह उभ्या राजाच्या शिल्पाबरोबर ब्राह्मीत अशोकाचं नाव कोरलेलं आहे. या शिळा भीमाखोऱ्यातल्या चुनखडीच्या आहेत. आपल्या स्वयंपाकघरात जी शहाबादी फरशी असते तीही याच भागातल्या चुनखडीची. ही चुनखडी पाण्यानं आणि उन्हानं थराथरानं सुटते. कनगनहळ्ळीच्या शिळा वर्षानुवर्षं उघड्यावर आणि तात्पुरत्या शेडखाली राहिल्या, ही बाब वेदना देणारी आहे. एवढ्या मोठ्या शोधाजवळ एक दगडाचा कॉन्झर्वेटर कायमचा असता, तर काय वेगळं घडलं असतं याची कल्पना करवते.

बिदरमध्येच पाहावं. महमूद गावानचा १४७२ चा मदरसा, त्याच्या मिनारावरच्या शिल्लक चकाकत्या टाइल्स, रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम, अष्टूरला अहमदशहा वलीच्या घुमटाच्या आतल्या भिंतींवरची चित्रं. काच, लाकूड, शिंपला, रंग, प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. आणि अष्टूरची कबर तर जिवंत श्रद्धास्थान. उरुसाला हिंदू जंगमही तिथे मानानं येतात. अशा जागी काम करणाऱ्याला भाविकांचा हात आणि दिव्याची काजळी या दोहोंचा आदरानं विचार करावा लागतो. ते जमायला तिथलाच माणूस बरा.

स्थानिक माणसानं काय होतं याचा दाखला शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे गावातले व्यापारी. पावसानंतर पांढरीच्या मातीतून वर येणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती कोरीव काम हे सगळं ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं तगर. तिथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं अभ्यासक १९३८ साली पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जोडतात. लामतुऱ्यांचा तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात, तेरलाच आहे. पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून असंच संग्रहालय उभं राहिलं. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरच्या अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत वस्तू जमवून राज्याला दिल्या. या तिघांनी संग्रह उभे केले. त्यांना आता शिकलेल्या पिढीची जोड हवी, कारण जमवण्याइतकंच टिकवणं कठीण असतं.

म्हणून एक मागणी इथेच करतो. गुलबर्गा विद्यापीठ १९८० पासून आहे, बिदरला आता स्वतःचं विद्यापीठ आहे. या दोघांनी मिळून जतनाचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू करावा. त्यात धातूचा भाग बिदरीच्या कारागिरांनी शिकवावा आणि त्यांना त्याचं रीतसर मानधन मिळावं. शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, पण त्यांच्यासारख्या उस्तादांची विद्या वर्गात आणायला विद्यापीठाला पदवीची अट शिथिल करावी लागेल, ती करावी. कागदाचा भाग मोडी आणि फारसी जाणणाऱ्यांनी, दगडाचा भाग सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी घ्यावा. उदगीर-लातूरच्या मुलांनाही तिथे प्रवेश असावा. आमदारांनी, मराठी आणि कन्नड दोन्ही संघटनांनी हा विषय उचलावा, यात भाषेचा वाद येण्याचं कारण नाही.

आणि शिक्षकांना विनंती: दहावी-बारावीच्या मुलांची पुढची सहल बिदरच्या किल्ल्यात न्याल, तेव्हा तोफा आणि बुरूज दाखवून परत फिरू नका. किल्ल्यातल्या जुन्या हमामात भरलेल्या म्युझियममध्ये तासभर थांबा, तिथल्या कर्मचाऱ्याला बोलतं करा, आणि वर्गातल्या रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलीला बडोदा, नोएडा आणि मैसूरचे पत्ते लिहून द्या.